तट्टाची पाठ आणि खोगीराचे माप

शिमग्याच्या दिवसांत गोव्याच्या सत्तरी, डिचोली आणि पेडणे या भागांत घोडेमोडणी निघते. वाळपईच्या परिसरातील माणसाला तिचे वर्णन करून सांगावे लागत नाही. बांबूचा व लाकडाचा घोडा कमरेला बांधलेला, त्यावर पांढऱ्या वस्त्राची झूल, डोक्याला पागोटे, एका हातात लगाम आणि दुसऱ्या हातात उपसलेली तलवार. ढोलताशांच्या ठेक्यावर हे स्वार पुढे जातात, मागे येतात. राण्यांनी पोर्तुगीजांशी दिलेल्या झुंजींची ही आठवण, असे लोक सांगतात. वाळपईजवळचा नाणूसचा किल्ला दीपाजी राणे यांनी १८५२ साली घेतला, ही गोष्ट तर इतिहासातच नोंदलेली आहे.

या नाचातील एक बारीकशी बाब सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. सांगाड्याची कड कमरेला खुपू लागली, तर नाचणारा क्षणभर बाजूला होतो, गाठ सैल करतो, एखादे फडके मध्ये सारतो आणि पुन्हा मेळ्यात शिरतो. हे करण्याला त्याला कोणाची परवानगी लागत नाही. खऱ्या घोड्याचे तसे नाही. त्याच्या पाठीवर जे बांधले जाते ते दुसऱ्याने बांधलेले असते, आणि खुपले तरी गाठ सैल करावयाला त्याला हात नाहीत. त्याला सांगण्याची एकच रीत ठाऊक आहे. ती म्हणजे वागण्याची. आणि ते वागणे आपण ‘खोड’ या नावाने ओळखतो.

गोव्याच्या भूमीला घोडा काही परका नव्हे. अरबस्तान आणि इराणच्या आखातातून गलबतांनी आलेले घोडे एके काळी गोव्याच्या बंदरात उतरत आणि घाट चढून विजयनगराकडे जात. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला, तेव्हा हा व्यापार आपल्याच मुठीत राहावा यासाठी त्यांनी पुष्कळ खटपट केली. घाटमाथ्यावर मात्र अरबी घोड्यापेक्षा देशी तट्टाचाच संसार मोठा. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडीची तट्टे उंचीने ठेंगणी, पण काटक. मराठी फौजांची दौड त्यांच्याच पाठीवर झाली. त्या काळाने आपल्या भाषेत मोतद्दार, खरारा, तोबरा, चंदी, अगाडी-पिछाडी असे कितीतरी शब्द मागे ठेवले. घोडे गेले, शब्द राहिले. त्यांतलाच एक शब्द म्हणजे खोगीरभरती.

खोगीर म्हणजे घोड्याच्या पाठीवर घालावयाची भरीव गादी. तिच्या आत काय कोंबले आहे हे बाहेरून दिसत नाही. म्हणून चिंध्या, काथ्या, जुनेपाने जे हाताशी येईल ते तीत दडपले जाई. त्यावरून निरुपयोगी भरण्याला खोगीरभरती म्हणण्याची चाल पडली. ग्रंथातील फुगवलेली प्रकरणे आणि सभेतील रिकामे वक्ते यांना हा शब्द लावताना आपण एक गोष्ट विसरतो. खोगीर पाहणाऱ्याच्या दृष्टीने भरती कशाची आहे याला महत्त्व नसेल. पण ज्याच्या पाठीवर ते बसते त्याला त्या भरतीइतके महत्त्वाचे जगात दुसरे काही नाही. तिच्यात एक गाठ राहिली, एका बाजूची चिंधी दबून दगडासारखी झाली, की घोड्याचा सारा दिवस त्या एका गाठीभोवती फिरतो.

घोड्याच्या पाठीची रचना समजून घेतल्यावाचून हे नीट उमगणार नाही. मानेवरची अयाळ जिथे संपते तिथे एक उंचवटा असतो. बैलाचे वशिंड असते साधारण ती जागा. बैलाचे वशिंड मांसल असते. घोड्याच्या या उंचवट्यावर मात्र मांस अगदी थोडे. कण्याच्या मणक्यांतून वर निघालेली लांब हाडे येथे कातडीच्या जवळ आलेली असतात. तेथून मागे कण्याच्या दोन्ही अंगांनी मांसाचे दोन लांब पट्टे जातात. खोगीराने आपला भार ठेवावयाचा तो या दोन पट्ट्यांवर. मधल्या कण्यावर नाही आणि पुढच्या उंचवट्यावर तर मुळीच नाही. शिवाय घोड्याला माणसासारखे गळपट्टीचे हाड नसते. त्याचे पुढचे पाय धडाला केवळ स्नायूंनी बांधलेले असतात, आणि प्रत्येक पावलागणिक खांद्याचे पाते मागेपुढे सरकते. त्या पात्यावर खोगीराची कड आली की पाऊल आखूड पडते. मालक म्हणतो, तट्टू आळशी झाले.

दाबाने काय होते ते आपल्यालाही ठाऊक आहे. बोटाने कातडी दाबून धरली तर ती पांढरी पडते, कारण तेथील बारीक वाहिन्यांतून रक्त हटते. बोट उचलले की लाली परत येते. तासन् तास बोट उचललेच नाही तर काय होईल? कातडी बरीच सोशिक आहे; तिच्याखालचे मांस तितके नाही. म्हणून इजा पुष्कळदा आतून, हाडाच्या जवळून सुरू होते, आणि वर फोड अथवा सूज दिसते ती काही दिवसांनी. मालक त्या दिवशीचे खोगीर तपासतो. दोष असतो आठवड्यापूर्वीच्या खोगीराचा. दाबाबरोबर घर्षण आले, घाम आला, वाळलेल्या घामाचे मीठ आले आणि घाटातली धूळ आली, की जखम व्हावयाला वेळ लागत नाही. ती चिघळून उंचवट्याच्या हाडापर्यंत पोचली तर नासूर होतो, आणि तो बरा करणे पशुवैद्यालाही जड जाते.

जखम भरून आल्यावर त्या जागी पुष्कळदा पांढरे केस उगवतात, कारण केसांना रंग देणाऱ्या पेशी दाबाने नष्ट झालेल्या असतात. तांबड्या किंवा काळ्या तट्टाच्या पाठीवर उंचवट्याच्या दोहो बाजूंना रुपयाएवढे पांढरे ठिपके दिसले, तर ती जन्मखूण नव्हे. कोणीतरी केव्हातरी न बसणारे खोगीर त्याच्यावर घातले होते, त्याची ती पावती आहे. तट्टू विकत घेणाऱ्याने दात पाहून वय ओळखण्याची रीत जुनी आहे. पाठ पाहून मागचा मालक ओळखण्याची रीतही तितकीच उपयोगी पडेल.

महाराष्ट्रात आज घोड्यातट्टांवर पोट असलेली सर्वांत ठळक वस्ती म्हणजे माथेरान. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली हा डोंगर युरोपियनांच्या नजरेस आणला. १९०७ साली नेरळहून छोटी आगगाडी वर गेली. मोटारींना मात्र गावात मज्जाव राहिला. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडावयाची आणि पुढे पायी, हातरिक्षेने किंवा घोड्यावरून जावयाचे, असा तेथला रिवाज. २०२२ च्या अखेरीपासून विजेवर चालणाऱ्या काही रिक्षा तेथे प्रयोगादाखल आल्या, तरी प्रवासी नेणारी व सामान वाहणारी तट्टे डोंगरावर आहेतच. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी आणि पाचगणीच्या पठारावरही हाच धंदा चालतो. तट्टू हे या कुटुंबांचे शेत आहे आणि हंगाम हीच त्यांची सुगी.

नेमकी येथेच अडचण उभी राहते. पाठ सोललेल्या तट्टाला औषधापेक्षा विश्रांती हवी असते. कातडी पुरी भरून येऊन तिच्यावर केस उगवेपर्यंत पाठीवर काही घालू नये. सुट्ट्यांचा हंगाम तर मोजक्या आठवड्यांचा. तट्टू तबेल्यात उभे राहिले तरी चंदी खातेच. मग मालक करतो ते स्वाभाविक असते, आणि चुकीचेही असते. तो जखमेवर हळद-तेल लावतो, खोगीराखाली आणखी एक जाड कांबळे घालतो, तंग एक भोक अधिक आवळतो आणि गिऱ्हाईक घेऊन निघतो. कांबळ्यामुळे तट्टाला मऊ वाटेल, हा त्याचा समज प्रामाणिक आहे. पण जोडा पायाला घट्ट होत असताना आत जाड मोजा घातला तर जोडा सैल होतो काय? खोगीर अरुंद असेल तर खालची प्रत्येक घडी ते अधिकच अरुंद करते. खोगीर रुंद असून पुढे टेकत असेल, तर मात्र योग्य जागी घातलेला नमदा उपयोगी पडतो. दोहोंतला भेद हाताने चाचपल्यावाचून कळत नाही.

एकदा बसलेले खोगीर कायमचे बसले, असेही नाही. दिवाळीत भरल्या अंगाचे तट्टू वैशाखापर्यंत राबून उतरते. पाठीचे मांस झिजते, कणा वर येतो, आणि कार्तिकात अचूक बसणारे तेच खोगीर आता उंचवट्यावर टेकू लागते. चार तट्टांना मिळून एक खोगीर जिथे वापरतात, तिथे तर ते कोणाच्याच मापाचे नसते. डोंगरी वाटेचा त्रास वेगळाच. उतारावर खोगीर पुढे घसरून खांद्यावर येते, चढावर मागे सरकते. पुढे घसरू नये म्हणून शेपटीखालून दुमची घालतात. ती कोरडी व कडक असेल तर शेपटीच्या मुळाशी, जिथली कातडी सर्वांत कोवळी, तिथे कापते. तेल लावून मऊ केलेली आणि बोट सहज आत जाईल इतकी सैल दुमची ही क्षुल्लक बाब वाटेल. तट्टाला ती वाटत नाही.

आता वागण्याची गोष्ट. घोडा हा मुळात शिकार होणारा प्राणी. दुखणे दाखविणारा कळपात आधी मारला जातो, म्हणून दुखणे लपविण्याकडे त्याचा स्वाभाविक कल असतो. तो कुत्र्यासारखा केकाटत नाही. पण खोगीर घेऊन मोतद्दार जवळ आला की त्याचे कान मागे पडतात. तंग आवळताना तो मान वळवून दात दाखवितो, पोट फुगवून धरतो, मागचा पाय उचलतो. स्वार बसताच पाठ खाली दाबून घेतो किंवा उलट कमानीसारखी वर उचलतो. शेपूट वारंवार झटकतो, नाल न बिघडताही पाऊल आखडतो, उताराशी येऊन थबकतो. आणि एखादे दिवशी, आजवर पोरासोरांना घेऊन शहाण्यासारखे चालणारे तट्टू उसळी मारते. पाठीवर त्या वेळी आठ वर्षांचे मूल असते. त्या मुलाचे काय होईल, हे त्या जागी गवत आहे की दगड यावर अवलंबून राहते.

त्यानंतर तट्टाची जी कहाणी घडते ती सगळीकडे सारखीच. ‘हे बिघडले’ असा त्याचा लौकिक होतो. चाबूक वाढतो, लगाम कडक होतो. पुढे ते स्वस्तात विकले जाते. नवा मालक तेच खोगीर किंवा त्याहून वाईट खोगीर घालतो, आणि खोड अधिक पक्की होते. आपल्याकडे घोड्याच्या भोवऱ्यांवरून त्याचे शुभाशुभ सांगणारे शास्त्र पूर्वी मोठे होते. कोणता भोवरा मालकाला खातो, याची चर्चा करणाऱ्या किती जणांनी त्याच घोड्याच्या खोगीराखाली हात घालून पाहिला असेल?

या बाबतीत अलीकडच्या काळात पद्धतशीर निरीक्षण झाले आहे. घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक मोजणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. मागे ताठ वळलेले कान, आकसलेले डोळे, डोळ्यांवरचा ताण, जबड्याचे उठून दिसणारे स्नायू, घट्ट मिटलेले तोंड, ताणलेल्या नाकपुड्या, अशी तिच्यात सहा लक्षणे आहेत. ब्रिटनमधील पशुवैद्य स्यू डायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली स्वाराखालच्या घोड्याच्या चोवीस वर्तनांची यादी मांडली; त्यांतील आठ किंवा अधिक एकाच घोड्यात आढळली तर त्याच्या हाडास्नायूंत दुखणे असण्याचा संभव बराच, असा त्यांचा निष्कर्ष आहे. प्रत्येक खोडीचे मूळ खोगीरातच असते, असे मात्र नव्हे. दाताची धार, खुरातला खडा, पायाचा सांधा, क्वचित नुसती भीती, हीही कारणे असतात. परंतु खोगीर तपासण्याला पैसा पडत नाही; म्हणून शोधाचा आरंभ तेथून करणे शहाणपणाचे.

फौजी लोकांना हे फार पूर्वी कळले होते, कारण त्यांना त्याची किंमत मोजावी लागली. ब्रिटिश लष्करातील पशुवैद्य फ्रेडरिक स्मिथ यांनी १८९१ साली खोगीरे आणि सोललेल्या पाठी याच विषयावर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले. इतके असूनही थोड्याच वर्षांनी, १८९९ ते १९०२ या काळातील बोअर युद्धात ब्रिटिशांचे तीन लाखांवर घोडे मेले. उपासमार, रोग आणि अतिश्रम ही त्याची मुख्य कारणे खरी. पण वाळलेल्या घोड्यांवर तीच जुनी खोगीरे चढवून त्यांना पुढे हाकल्याने त्या हालांत भर पडली. ज्ञान छापून निघाले म्हणजे ते पाठीपर्यंत पोचतेच, असे नाही.

झुलीचा प्रश्न खोगीराहून सौम्य वाटतो, कारण झुलीवर कोणी बसत नाही. थंड देशांत घोड्यांना हिवाळाभर कांबळी घालून ठेवतात, आणि तेथील पशुवैद्यांना त्यांपासून होणारी दुखणी चांगलीच परिचित आहेत. मापापेक्षा मोठी झूल मागे घसरते आणि तिचा सगळा ओढा उंचवट्यावर येतो. लहान झूल छातीशी आवळते. घोड्याने चरण्यासाठी मान खाली घातली की गळ्याशी फास बसल्यासारखे होते. खांद्यावरचे केस घासून जातात, आणि घोडा झूल घालावयाला आलेल्या माणसालाच चावू लागतो. माप घ्यावयाचे ते छातीच्या मध्यापासून कुल्ल्याच्या मागच्या टोकापर्यंत. झूल घातल्यावर उंचवट्यापाशी हात सहज आत सरकला पाहिजे, आणि पोटाखालच्या पट्ट्यांत वीतभर नाही तरी निदान एका पंजाची जागा राहिली पाहिजे.

आपल्या हवेत मात्र मूळ प्रश्नच निराळा. निरोगी घोड्याला सुमारे ५ ते २५ अंश सेल्सियसपर्यंतची हवा सुखाची असते. गोव्यात आणि कोकणात थंडीसाठी त्याला झूल घालण्याचे कारण क्वचितच पडते. येथे झूल येते ती पावसापासून वाचविण्यासाठी किंवा शोभेसाठी. पावसाळ्यात सत्तरीच्या रानात किंवा माथेरानच्या डोंगरावर भिजलेले कांबळे अथवा खाली हवा न खेळणारा प्लॅस्टिकचा कागद दिवसरात्र पाठीवर राहिला, की कातडी मऊ पडते, डर्मॅटोफिलस नावाचा जंतू तीत शिरतो आणि केसांसकट खपल्या निघू लागतात. अशा वेळी ओल्या झुलीपेक्षा कोरडे छप्पर शतपटीने बरे. छप्पर नसेल तर उघडी पाठ निदान उघडीप मिळताच वाळते तरी. शोभेच्या झुलीचा मासला वरातीच्या घोड्यावर पाहावा. जरीची, आरशांची, गोंड्यांची ती जड झूल कोणत्याही घोड्याच्या मापाने शिवलेली नसते. ती मिळेल त्या घोड्यावर चढते, वर नवरदेव चढतो, पुढे बँड वाजू लागतो. झुलीखाली जखम असली तर ती कोणाला दिसत नाही, हीच त्या झुलीची सर्वांत मोठी सोय.

बैलाच्या बाबतीत आपला समाज अधिक जागरूक राहिला, असे म्हणणे भाग आहे. जुवाने खांदा सुजतो हे शेतकऱ्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक. म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी होते, लोणी-हळद लावून खांदे चोळले जातात. घोड्याला दसऱ्याचा मान आहे. पण त्या दिवशी पूजा होते ती सजविलेल्या घोड्याची. त्याच्या पाठीच्या वाट्याला खांदेमळणीसारखा सण आला नाही.

कायद्याने मात्र घोड्याच्या पाठीची दखल घेतलेली आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला, आणि त्याखाली १९६५ साली ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांसंबंधी नियम झाले. त्यांत पाठीवरच्या ओझ्याची मर्यादा तट्टाला ७० किलो, खेचराला २०० किलो आणि गाढवाला ५० किलो ठरविली आहे. दिवसाकाठी नऊ तासांहून अधिक आणि विसाव्यावाचून सलग पाच तासांहून अधिक काम घेऊ नये; जेथे उष्णता ३७ अंशांवर जाते तेथे दुपारी बारा ते तीन या वेळात जनावर कामाला जुंपू नये, असेही त्यांत आहे. टोके किंवा गाठी असलेले लगाम व साज वर्ज्य आहेत. आणि एक स्वतंत्र नियम केवळ खोगीरासाठी आहे. खोगीराची कमान आणि घोड्याच्या खांद्याचा उंचवटा यांमध्ये पुरेशी मोकळी जागा राहिली पाहिजे; खोगीर उंचवट्यावर थेट टेकेल अशा रीतीने घोडा कसता कामा नये. सत्तर किलोंत स्वार धरावा की नाही, हा वाद वकिलांनी घालावा. तट्टाच्या दृष्टीने नवशिका स्वार पोत्याहून वाईटच. पोते निदान तोल जाताच लगामाला लोंबकळत नाही.

नियमातील ती मोकळी जागा मोजावयाला यंत्र लागत नाही. स्वार बसलेला असताना कमानीखालून दोन-तीन बोटे सुखाने आत गेली पाहिजेत, आणि मागून पाहिले असता कण्याच्या वर आरपार उजेड दिसला पाहिजे. माथेरानला किंवा पाचगणीला घोड्यावर बसणाऱ्या पाहुण्यालाही हे पाहता येईल. भाडे ठरविताना जेवढी घासाघीस होते, तिच्या निम्म्या वेळात हे होते. आणि गिऱ्हाईक पाठ पाहूनच तट्टू निवडते असे दिसू लागले, तर भरल्या पाठीचे तट्टू ठेवणे मालकालाही परवडू लागेल.

खरी तपासणी मात्र संध्याकाळची, आणि ती मालकाचीच. खोगीर काढताना ते एकदम ओढून न काढता आधी तंग सैल करावा आणि थोडा वेळ तसेच राहू द्यावे, म्हणजे दबलेल्या वाहिन्यांत रक्त हळूहळू परत येते. मग घामाचा ठसा पाहावा. दोन्ही अंगांना सारखा ओला पट्टा आणि मधे कण्यावर कोरडी रेघ असेल तर खोगीर ठीक बसले आहे. ओल्या पट्ट्याच्या मधेच एखादा कोरडा डाग दिसला, तर तेथे दाब इतका पडला की घामही सुटू शकला नाही. उद्याची जखम त्याच जागी होणार. खोगीर उलटे करून त्या डागासमोरची भरती चाचपावी, गाठ असेल ती उसवून काढावी, दबलेला भाग विंचरून पुन्हा भरावा. पाठ पाण्याने धुऊन घामाचे मीठ काढावे, कोरडी करावी, आणि बोटांची अग्रे कण्याच्या दोन्ही अंगांनी उंचवट्यापासून कमरेपर्यंत सावकाश दाबत न्यावीत. ज्या ठिकाणी तट्टू पाठ चोरते, त्या ठिकाणी कोळशाने खूण करावी, आणि सकाळी खोगीर चढविण्यापूर्वी पुन्हा तेथेच बोट ठेवून पाहावे.